मदत हवी आहे : आंब्याच्या सीझनमध्ये स्प्रिंट टिकत नाहीत, नियोजन कसं करावं?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी टीम लीड आहे. आम्ही नऊ जण. आंबा बागायतदार, काजू कारखाने आणि काही पतसंस्था यांच्यासाठी बिलिंग, स्टॉक नि हिशोबाची सॉफ्टवेअर आम्ही बनवतो आणि पुढे सांभाळतोही आम्हीच. गेल्या पावसाळ्यात मालकांनी अजाइलचं, म्हणजे काम छोट्या टप्प्यांत करायच्या पद्धतीचं, मनावर घेतलं, पुण्याहून प्रशिक्षक बोलावले आणि दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे आधीच काम ठरवून घेतलेले टप्पे, सुरू झाले. ते चांगले चालले. पूर्वी कोण काय करतंय हे विचारल्याशिवाय कळायचं नाही, आता कामांची कार्डं लावलेल्या बोर्डाकडे बघितलं की कळतं. त्यामुळे ही पद्धत बंद करायची माझी अजिबात इच्छा नाही. ‘कोकणात असलं काही चालत नाही’ हे उत्तर ऑफिसात रोज ऐकते, ते कृपया इथे नको.

खरी अडचण सीझनची. फेब्रुवारी सरता सरता पेट्या वाशीला जायला लागतात, मार्चमध्ये पतसंस्थांची वर्षअखेर, त्याच सुमारास काजू बीची खरेदी आणि मेमध्ये कॅनिंगचा आंबा. सगळे ग्राहक एकदम घाईत असतात.

यंदाचंच सांगते. एका संध्याकाळी पावसकडच्या एका बागायतदारांचा फोन आला, “ताई, गाडी भरून उभी आहे नि चलन निघत नाय.” त्यांनी त्या दिवसापासून साडेपाच डझनाची पेटी भरायला घेतली होती. आमच्या यादीत पाच डझन होतं, सहा डझन होतं, साडेपाच नव्हतं, आणि त्या रकान्यात अपूर्णांक टाकायची सोयच नव्हती. चलनाशिवाय गाडी सोडता येत नाही. गाडी उशिरा सुटली तर वाशीचा सकाळचा बाजार चुकतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच भाव मिळेल याची खात्री कोण देणार? अशा माणसाला ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये घेतो’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आमच्यातला एक जण हातातलं काम टाकून तिकडे बसला. दुरुस्ती लहान होती, पण ती तपासून, ग्राहकाच्या मशीनवर चढवून, पुन्हा आपल्या कामात डोकं घालेपर्यंत संध्याकाळ गेली. सीझनमध्ये असं रोजचं आहे. स्प्रिंट संपतो तेव्हा बोर्डावरची निम्मी कार्डं जिथल्या तिथे असतात.

याहून मनाला लागलेली गोष्ट वेगळी आहे. मालकांनी स्टोरी पॉइंट, म्हणजे कामाच्या अंदाजे आकाराला आम्ही दिलेले आकडे, माणसागणिक मोजायला सुरुवात केली. भिंतीवर तक्ता लागला आणि वेतनवाढीच्या वेळी तोच तक्ता टेबलावर आला. सपोर्टच्या फोनला पॉइंट नाहीत. त्यामुळे फोन वाजला की सगळे मान खाली घालतात आणि उचलतो एकच मुलगा. देवरुखचा आहे, नुकताच लागलेला. कुठल्या ग्राहकाकडे कुठली आवृत्ती आहे, कोणाचा प्रिंटर कधी अडतो, त्याला सगळं तोंडपाठ. तक्त्यावर तो सगळ्यांत खाली. सीझनभर कंपनीची अब्रू ज्याने राखली त्यालाच सगळ्यांत कमी वाढ मिळाली. मी भांडले, पण ‘आकडे समोर आहेत’ याच्यापुढे बोलणं सरकलं नाही. शिवाय अंदाजही फुगायला लागलेत. पूर्वी तीन पॉइंटचं असायचं ते काम आता आठचं सांगतात, आणि त्यांना दोष तरी कसा देऊ?

त्यात भर म्हणून सगळ्यांना पोमोडोरो सक्तीचं झालंय. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, आणि दिवसाअखेर किती झाले त्याची नोंद. पद्धत चांगलीच आहे. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वतःच्या अभ्यासासाठी ती बसवली होती. स्वतःचं लक्ष स्वतः सांभाळायचं साधन आहे ते, त्याचा हजेरीपट कसा होईल? मी स्वतः डेव्हिड ॲलन यांच्या पद्धतीने काम करते : डोक्यात काही ठेवायचं नाही, सगळं यादीत उतरवायचं, दोन मिनिटांत होण्यासारखं असेल ते लगेच उरकायचं, आठवड्यातून एकदा सगळ्या याद्या चाळायच्या. मला याचा फार उपयोग झाला. पण देवरुखच्या त्या मुलाचा अख्खा दिवसच दोन-दोन मिनिटांच्या कामांचा असतो, त्याला हा नियम लावला तर तो दुसरं काही करूच शकणार नाही.

तर माझं विचारणं असं आहे. ठरवलेलं काम आणि अचानक येणारं काम एकाच लहान टीमने कसं सांभाळायचं? सीझनपुरते स्प्रिंट आठवड्याचे करावेत, की स्प्रिंट बाजूला ठेवून चार महिने कानबानवर (टप्पे न पाडता, हातातलं संपलं की पुढचं काम घ्यायची पद्धत) जावं? सपोर्टसाठी वेगळा माणूस घ्यायची ऐपत आत्ता नाही. मालक माणूस म्हणून चांगले आहेत, पुराव्यानिशी सांगितलं तर ऐकतात. त्यांच्यापुढे माणसागणिक पॉइंटऐवजी काय ठेवावं? सीझन संपलाय, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत घडी बसवायची आहे. गणपतीत अर्धं ऑफिस गावाला जातं, ते आठवडे मी हिशोबात धरतच नाही.

—

प्रतिसाद १

ताई, मी सॉफ्टवेअरमधला नाही. लोट्याला एका कारखान्यात देखभाल विभागात आहे, पण तुमचं दुखणं ओळखीचं वाटलं म्हणून लिहितो. आमच्याकडे ठरलेली देखभाल असते आणि ब्रेकडाऊन असतो. दोन्ही कामं एकाच माणसावर टाकली की ठरलेली देखभाल मागे पडणार, हे ठरलेलं. म्हणून आम्ही पाळी लावतो. ज्याची ब्रेकडाऊनची पाळी, त्याला त्या काळात ठरलेल्या कामाबद्दल कोणी विचारत नाही. बाकीच्यांनी पंप बंद पडला म्हणून धावायचं नाही, त्याने हाक मारली तरच जायचं.

दुसरं म्हणजे प्रत्येक ब्रेकडाऊन वहीत लिहायचा : किती वाजता, कुठे, कारण काय, किती वेळ गेला. आठवड्याच्या शेवटी वही उघडायची. एकाच पंपाचं सील पुन्हा पुन्हा जात असेल तर ते काम पुढच्या आठवड्याच्या ठरलेल्या यादीत सगळ्यांत वर. तुमची साडेपाच डझनाची पेटी मला त्यातलीच वाटते. आज साडेपाच, उद्या कोणी साडेचार काढेल. प्रकार ग्राहकालाच वाढवता येतील असं काही करून दिलंत तर तो फोन कायमचा बंद.

आणि वही मालकांना दाखवा. त्या मुलाने काय केलं ते त्यात आपोआप दिसेल.

—

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मी कुडाळहून घरून काम करतो, अशाच एका टीममध्ये आहे.

स्टोरी पॉइंटबद्दल आधी. तुमचे स्प्रिंट ज्या स्क्रम पद्धतीतले आहेत तिची अधिकृत मार्गदर्शिका केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांची आहे, तिची २०२० ची आवृत्ती मालकांसमोर ठेवा. त्यात स्टोरी पॉइंट हा शब्दच नाही. स्प्रिंटमध्ये काय होईल याला २०११ पासून तिथे ‘वचन’ म्हणत नाहीत, ‘अंदाज’ म्हणतात. पॉइंट हे टीमने आपसात कामाचा आकार ठरवण्यासाठी वापरायचं माप आहे. त्यावर पगार ठरवला की माप फुगणारच.

सीझनमध्ये कानबानवर जा, पण नुसता बोर्ड म्हणजे कानबान नव्हे. एका वेळी किती कामं हातात घ्यायची याला मर्यादा हवी. यामागे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला साधा नियम आहे : हातातली कामं भागिले रोज संपणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे दिवस. बारा कामं उघडी आहेत आणि रोज तीन संपतात, तर प्रत्येकाला चार दिवस. उघडी कामं सहावर आणा, वेग तोच राहिला तरी काम दोन दिवसांत बाहेर पडेल. मालकांना हाच आकडा द्या : ग्राहकाने सांगितल्यापासून काम हातात पडेपर्यंत किती दिवस लागले. तो कुणा एकाचा नसतो, टीमचा असतो. त्यांना धंद्यासाठीही तोच लागतो.

चलन अडणं, गाडी थांबणं अशांसाठी वेगळी ओळ ठेवा, तिथे एका वेळी एकच कार्ड. ‘तातडीचं’ म्हणजे काय हे मात्र आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर मार्चमध्ये सगळंच तातडीचं होतं.

—

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. वहीची कल्पना उद्यापासूनच सुरू करते, सीझन नसला तरी पतसंस्थांचे फोन चालूच असतात. फेब्रुवारीपर्यंत हातात नोंदी असतील. पाळीचं आज टीमशी बोलले. देवरुखचा मुलगा आधी गप्प होता, मग म्हणाला, “म्हणजे उरलेल्या दिवसांत मला कोड लिहायला मिळेल?” तो इथे त्याचसाठी आला होता.

आता एकच अडतंय. पाळी दिवसाची ठेवावी की आठवड्याची? दिवसाची ठेवली तर एका ग्राहकाचं अर्धवट काम दुसऱ्याच्या गळ्यात पडतं, आणि आठवड्याची ठेवली तर एप्रिलमध्ये तो माणूस पिळून निघेल. ज्यांनी प्रत्यक्षात चालवलंय त्यांनी कृपया सांगा, आणि पाळी बदलताना अर्धवट कामं पुढच्याला कशी सोपवता तेही.