नुसत्या नावावर जाऊ नका

सिव्हिल इंजिनीअरिंगनंतर ग्रामीण पाणीपुरवठ्यात शिरायचंय, मग परदेशात कोणता मास्टर्स, हा प्रश्न आहे ना? शोधताना नावं बदलून पाहा. विकासकामांसाठीच्या इंजिनीअरिंगला अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात ‘डेव्हलपमेंट इंजिनीअरिंग’ म्हणतात, कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठात ‘ग्लोबल इंजिनीअरिंग’. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या अभ्यासक्रमाचा भर डिजिटल तंत्रज्ञानावर, पाणीवाल्यांना तो फारसा कामाचा नाही.

पण आधी पवईला बघा की! आयआयटी मुंबईचं ‘सितारा’ (CTARA), म्हणजे ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं केंद्र, १९८५पासून आहे. तिथल्या एमटेकवाल्यांना गावात मुक्कामच करावा लागतो. नळ आहे पण पाणी का नाही, हे मोटरचं वीजबिल कोण भरतं इथपासून कळायला लागतं.

आणि हो, अर्जाआधी जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध चाळा. पंप, व्हॉल्व्ह, वाड्या दिसल्या तर ठीक. नुसतं ‘सक्षमीकरण’ असेल तर मी तरी कर्ज काढणार नाही.