मधुमेहाची मासिकं: रुग्ण शहाणा झाला का?

रानजाई: १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. पण सुई टोचली की झालं, असं नव्हतं. काय आणि किती खाल्लं त्यावर डोस ठरायचा, आणि ते गणित करायला डॉक्टर रोज घरी येणार नव्हते. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः इन्सुलिनवर जगलेले, लेखक एच. जी. वेल्सही मधुमेही. दोघांनी १९३४ मध्ये मधुमेहींची संघटना काढली, आणि १९३५ मध्ये तिचं 'डायबेटिक जर्नल' निघालं. माझ्या मते इन्सुलिनच्या खालोखाल जीव वाचवले ते अशा मासिकांनी.

पाणवठा: अजिबात पटलं नाही. मासिक पोचतं ते वाचता येणाऱ्याकडे, वर्गणी परवडणाऱ्याकडे. माझे आजोबा दिवाळी अंकातला मधुमेहावरचा लेख मावशीकडून वाचून घ्यायचे. लेखात सगळं ग्रॅममध्ये, घरात तराजू नाही. शेजारच्याच पानावर साखर मुळासकट घालवणाऱ्या चूर्णाची जाहिरात. त्यांनी इंजेक्शन सोडलं, चूर्ण धरलं. पुढं पाय कापावा लागला.

रानजाई: वाचून फार वाईट वाटलं. जाहिरातीबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. आरोग्याच्या पानाशेजारी असली जाहिरात छापणं हा गुन्हाच मानायला हवा. पण ती संघटना पैसेवाल्यांपुरती नव्हती. ऐपत असो-नसो, प्रत्येकाला इन्सुलिन मिळावं, हाच तिचा हेतू होता.

कंदील: माझी आई सातवी शिकलेली. रोज सकाळी स्पिरिटचा दिवा पेटवायची, परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब. उकळून निळं राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी, अशी साखर चढत जायची. कपाटाच्या दाराला आतून एका मासिकातला रंगांचा तक्ता चिकटवलेला होता. विटकरी आलं की त्या दिवशी भात बंद, आणि डॉक्टरांकडे जाताना वहीत तारीख-रंग लिहिलेला. हे तिला दवाखान्यात कुणी शिकवलं नव्हतं. पाणवठा, तुमचा राग त्या अंकावर हवा, मासिकांवर नको.

पाणवठा: तुमच्या आईला वाचता येत होतं, हा फरक विसरू नका. तरीही तक्त्याचं मान्य. आजीला अक्षर येत नव्हतं, रंग नक्की कळले असते. आमच्या अंकात तसा तक्ता एकदाही आला नाही. चूर्णाची जाहिरात दर दिवाळीला यायची.