सॅली कुठे गेली? (लुसी डफ गॉर्डनची इजिप्तमधली पत्रं)

मृदुला_वाचते
महिनाभर रोज रात्री दोन-तीन पत्रं वाचतेय. आवृत्ती १९०२ची, लुसीच्या मुलीने, जॅनेट रॉसने काढलेली. मी जर्मन शिकवायचे, म्हणून लुसी मला ठाऊक होती ती 'अंबर विच' या जर्मन कादंबरीची इंग्रजी भाषांतरकार म्हणून (१८४४). क्षयामुळे तिला इंग्लंडची हवा सोसेना, म्हणून १८६२ साली इजिप्तला गेली आणि पुढे लक्सरला चक्क देवळावर बांधलेल्या घरात राहिली. आईला पत्रात 'मुटर' (जर्मनमध्ये 'आई') म्हणते! माझ्या आईला मी असं काही म्हटलं असतं तर लाटणंच आलं असतं.

आता प्रश्न. इंग्लंडहून सोबत आलेली मोलकरीण सॅली सुरुवातीला सारखी भेटते. १८६५च्या पुढे मला ती कुठेच सापडत नाही. आजारी पडली, परत गेली, काहीच नाही. माझ्या पीडीएफमधली पानं गहाळ आहेत का?

जुना_टपालवाला
मृदुलाताई, पानं शाबूत आहेत, माणूस गाळलाय.

१८६४च्या डिसेंबरात नाईलवरच्या नावेतच सॅली बाळंत झाली. मुलाचा बाप ओमर, म्हणजे लुसीचा स्वयंपाकी, दुभाष्या आणि उजवा हात. त्याची बायको अलेक्झांड्रियाला. लुसीने सगळा दोष सॅलीवर ढकलला आणि तिला दूर केलं. ओमर मात्र १८६९मध्ये लुसी कैरोला वारली तोवर तिच्यापाशी होता. हे तिने नवऱ्याला कळवलं, पण घरची अशी गोष्ट छापायला कोण देणार? या पत्रांचं १८६५चं पहिलं पुस्तक तर लुसीच्या आईनेच, सारा ऑस्टिनने संपादित केलेलं. तीही नावाजलेली भाषांतरकार, कुठे कात्री लावायची ते तिला बरोबर कळत असणार.

पणतू गॉर्डन वॉटरफील्ड यांनी १९६९मध्ये काढलेली आवृत्ती मिळवा. लक्सरच्या आजाऱ्यांना स्वतः औषधं देणारी, वेठबिगारीवर चिडून लिहिणारी बाई घरातल्या बाईशी अशी वागली, हे वाचून मी दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवलं होतं.

नर्मदा४२
टपालवाले, रागावलात ते ठीक, पण १८६५च्या वसंतातली पत्रं विसरू नका. इजिप्तच्या गाऊ भागातला उठाव तिथला शासक इस्माईल पाशा याने चिरडला, गावं उद्ध्वस्त केली, ते तिने धडधडीत लिहिलं. टपालात पत्रं फोडली जातात हा संशय होता, म्हणून भरवशाच्या प्रवाशांच्या हाती द्यायची. सॅलीच्या बाबतीत चुकलीच. दोन्ही पत्रं एकाच हातची आहेत.

जुना_टपालवाला
मान्य. म्हणून तर दोन दिवसांनी परत उघडलं.

मृदुला_वाचते
दोघांचे आभार. गंमत बघा, 'अंबर विच' मुळात जुनी खरी कागदपत्रं म्हणून खपवलेली बनावट गोष्ट होती, आणि इथे खऱ्या पत्रांतून खरी माणसं गाळलेली. वॉटरफील्डची प्रत मिळेपर्यंत मागे जाते आणि सॅली शेवटची कुठल्या पत्रात आहे ते शोधते. तारीख सापडली की इथेच टाकते.