टॉर्क नाही म्हणे! तात्यांच्या पोस्टला उत्तर

रेडलाइन_९०००:
टेक्सासच्या तात्यांची परवाची पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: होंडा एस२००० म्हणजे मिक्सर, आवाज घरभर आणि चटणी चमचाभर, खरी गाडी मस्टँग जीटी, आणि २०८ एनएम टॉर्कवाल्यांनी (टॉर्क म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, मोजायचा न्यूटन-मीटरमध्ये) ४१० एनएमवाल्यांसमोर तोंड उघडू नये. एरवी सोडून दिलं असतं, पण खाली रांगेने "अगदी बरोबर तात्या" सुरू झालंय म्हणून लिहितोय.

तात्या, तुम्ही सांगताय तो टॉर्क इंजिनाचा, आणि गाडी पळते चाकांवर. मधे गिअरबॉक्स नावाची वस्तू असते. इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत (आरपीएम) फिरतं म्हणून होंडाला ४.१० चा फायनल ड्राइव्ह देता येतो (चाकांआधीचा शेवटचा गिअर, आकडा मोठा तेवढा टॉर्क चाकांना वाढवून मिळतो), तुमच्या २००० सालच्या जीटीला ३.२७ आहे कारण ती सहा हजारालाच हात वर करते. आता हिशोब करा. होंडा २४० हॉर्सपॉवर, वजन १२७० किलोच्या आसपास. जीटी २६०, वजन साधारण १४७०. टनामागे कोणाला जास्त मिळतात ते स्वतःच काढा. क्वार्टर माइल, म्हणजे उभ्या गाडीने सुटून साधारण चारशे मीटर, दोघींचा चौदा सेकंदांच्या आगेमागे. मग तो दुप्पट टॉर्क गेला कुठे?

आणि आकडे सोडा. एकदा लॉस एंजेलिसजवळ एंजेलिस क्रेस्टच्या घाटात या, सकाळी लवकर, ला कन्याडाकडून वर. सेकंडमध्ये सहा हजार ओलांडले की व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलतो (होंडाचं व्हीटेक ते हेच), आवाज एकदम वेगळा होतो, आणि तिथून पुढे अजून तीन हजार आरपीएम शिल्लक असतात. थर्ड टाकताना फक्त मनगट हलतं, कोपर जागेवर. माझ्या ऑफिसातल्या एकाची तुमच्यासारखीच जीटी आहे, वळणात मधेच खड्डा आला की मागचा अखंड ॲक्सल उडी मारून बाजूला सरकतो आणि हा मला सांगतो "कॅरॅक्टर आहे". असेल बुवा.

टेक्सासचा_तात्या:
वा, गणित आवडलं. फक्त एक सांगा, पटेल ब्रदर्समध्ये भाजी आणायला जाताना किती आरपीएमवर जाता? कारण ते २४० घोडे ८३०० ला भेटतात आणि तुमचा तो २०८ एनएमसुद्धा ७५०० ला. तोवर काय करायचं, वाट बघायची? आय-१० वर सरळ रस्ता, बाहेर चाळीस डिग्री, एसी चालू, पुढे ट्रक, मी टॉपमध्येच पाय दाबतो आणि विषय संपतो. तुम्ही तोपर्यंत दोन गिअर खाली टाकून शेजारच्या गाडीतलं बाळ उठवता.

आणि हे हॉर्सपॉवर पर लिटरचं कौतुक मला कधी कळलंच नाही. जपानात दरवर्षीचा गाडीचा टॅक्स सीसीवर लागतो, तिथे दोन लिटरमधून २४० काढणं शहाणपणाचं आहे, मान्य. इथे अमेरिकेत लिटरचे पैसे कोण मागतंय? शेवरोलेची सी५ कॉर्वेट घ्या. ५.७ लिटर, ३४५ हॉर्सपॉवर, व्हॉल्व्ह पुशरॉडने, म्हणजे लांब काड्यांनी, उघडतात म्हणून तुम्ही हसता, पण कॅम ब्लॉकमध्येच असल्यामुळे ते इंजिन बुटकं आहे, ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आणि अख्खी गाडी तुम्ही नावं ठेवलेल्या मस्टँगएवढ्याच वजनाची आहे. त्यावर हायवेला तुमच्या दोन लिटरपेक्षा जास्त मायलेज देते, कारण सहाव्या गिअरला इंजिन अर्धं झोपलेलं असतं. टनामागे घोडे मोजायचे होते ना? मोजा आता.

एडिसनकर:
भांडा. मी रूट १ वर गेले अर्धा तास फर्स्टमध्ये क्लच दाबून बसलोय, मला दोन्ही नकोत.

रेडलाइन_९०००:
सी५ मधेच कुठून आली? मूळ पोस्ट मस्टँगची होती. अंगावर आलं की गाडी बदलायची, हे बरं आहे. सी५ चांगली आहे, हो, त्यात काय, जनरल मोटर्सने कधीतरी वजनाकडे लक्ष दिलं याबद्दल पेढे वाटतो. पण म्हणजे माझाच मुद्दा झाला ना, ती हलकी आहे म्हणून चांगली आहे!

मीरा_के:
वजनाचाच विषय असेल तर दोघांनी जरा गप्प बसा. मी मिआटा चालवते, २०१९ ची, १८१ हॉर्सपॉवर, वजन साडेदहाशे किलोच्या आसपास, ७५०० ची रेडलाइन, म्हणजे इंजिन फिरण्याची कमाल मर्यादा. रविवारी पार्किंग लॉटमध्ये कोन लावून ऑटोक्रॉस असतो तिथे व्ही८ वाले येतात, पहिल्या कोनाला धूर काढतात, तिसरा कोन पाडतात आणि मग मला विचारतात "टायर कुठले?" हलक्या गाडीचे ब्रेक तापत नाहीत, टायर टिकतात, आणि पॉवर कमी असल्यामुळे पाय पूर्ण दाबता येतो. कायद्यात राहून ज्या गाडीत तिसरा गिअर पूर्ण वापरता येत नाही तिचं काय लोणचं घालायचंय?

टेक्सासचा_तात्या:
ताई, ती गाडी गोड आहे, बायकांना शोभते, पण विषय परफॉर्मन्सचा चालू आहे.

मीरा_के:
तात्या, बायकांचं काय ते पुन्हा लिहा, स्क्रीनशॉट काढून काकूंना पाठवते. टाइम शीट लावू का इथे? तुमच्या मस्टँगवाल्यांची पण लावते.

पेठेतला_मेकॅनिक:
तुम्ही परदेशात बसून मजा करा. इथे पुण्यात आम्ही काय चालवायचं? मस्टँग २०१६ ला आली ती फक्त ऑटोमॅटिक, मिआटा कधी आलीच नाही, आणि जुनी एस२००० मागवू म्हटलं तर तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी इम्पोर्टच करता येत नाही, नवी आणायची तर ड्युटीत दुसरी गाडी आली असती. वर ते लांबी चार मीटर आणि पेट्रोल इंजिन बाराशे सीसीच्या आत असलं तरच टॅक्स कमी हे गणित, त्यामुळे जी बघावी ती तीन सिलिंडर. आमच्या नशिबात एकच खरी व्हीटेक आली, पहिली होंडा सिटी १.५, १०६ बीएचपी. सात हजारापर्यंत अशी काही ओढायची की कात्रजच्या घाटात भल्याभल्यांना आरशात बघायला लागायचं. आणि २००३ ला त्याच कंपनीने तिच्या जागी काय दिलं? ७७ बीएचपी! मायलेजसाठी! त्या दिवसापासून या देशाकडून माझ्या अपेक्षा संपल्या.

कोल्हापुरी_शॉट:
सिटी कशाला, हा सगळा वाद आमच्याकडं ऐंशीच्या दशकातच मिटलाय. यामाहा आरएक्स१०० आणि बुलेट. ९८ सीसी, ११ बीएचपी, शंभर किलोच्या आसपास वजन. समोर बुलेट ३५०, १८ बीएचपी आणि दीडशेच्या कितीतरी वर. रंकाळ्यावरनं सिग्नलला दोन्ही सुटल्या की बुलेटवाला मिशी सावरेपर्यंत आरएक्स फुलेवाडीत. सुरुवातीच्या तर जपानहून सुट्टे भाग येऊन जोडलेल्या, म्हणजे इम्पोर्टेडच की. हलकं आणि जास्त फिरणारं इंजिन जिंकतंय, विषय एन्ड.

डुगडुग_३५०:
जिंकतंय? कुठवर? दोघं बसून, मागे पोतं बांधून ज्योतिबाला चढवून दाखवा तुमची आरएक्स, फर्स्टमध्ये रडत जाते. माझ्या वडिलांची बुलेट थर्डमध्ये डुगडुगत चढायची, गिअर बदलायची गरज नाही. आणि आरएक्सला पेट्रोलमध्ये ऑइल वेगळं, सायलेन्सरमध्ये काजळी वेगळी, मागून येणाऱ्याच्या डोळ्यात धूर वेगळा. शंभर किलोची वस्तू ट्रकशेजारून गेली की हलते.

कोल्हापुरी_शॉट:
बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्या, किक मारताना ॲम्पिअरचा काटा बघायचा, किक हलकी करायला डीकॉम्प्रेसर दाबायचा, तेवढ्यात आमचं जेवण होतंय. वडिलांना नमस्कार सांगा.

डुगडुग_३५०:
वडिलांवर जाऊ नका.

कोल्हापुरी_शॉट:
नमस्कार सांगितला ओ, शिवी नाही दिली!

पेठेतला_मेकॅनिक:
दोघांनाही राजदूतची आरडी३५० आठवत नाही याचं आश्चर्य वाटतं. ३० बीएचपी, तीही ऐंशीच्या दशकात. आणि गंमत म्हणजे तिच्या दोन आवृत्त्यांना लोक हाय टॉर्क आणि लो टॉर्क म्हणायचे, म्हणजे ३०.५ आणि २७ बीएचपी. चार हजाराच्या खाली काही नाही, वर गेली की पुढचं चाक हवेत. पण जपानी आरडीला पुढे डिस्क होता, आपल्याकडे ड्रम. पळायचं इंजिन दिलं आणि थांबायचं ज्याने त्याने बघायचं. माझ्या गल्लीतल्या दोघांचे कॉलरबोन त्यात गेले. इंजिन फिरतं किती यापेक्षा बाकीची गाडी त्याच्या बरोबरीची आहे का हे आधी बघा, रेडलाइनराव.

रेडलाइन_९०००:
हे मात्र खरं. पहिल्या एस२००० बद्दलही तीच ओरड होती, वळणात पाय एकदम काढला की मागची बाजू फिरते. २००४ ला अमेरिकेत २.२ लिटर केली, रेडलाइन ८००० वर आणली, टॉर्क थोडा वाढवला, मागची बाजू फिरू नये म्हणून सस्पेन्शन बदललं. तात्या, खूश होऊ नका.

टेक्सासचा_तात्या:
म्हणजे खुद्द होंडाने माझी पोस्ट वाचली होती तर! वीस वर्षं आधी! बास, अजून काय पाहिजे.

एवढं असेल तर ऑस्टिनला या. ट्रॅक आहे, मागची सरळ लांबलचक आहे, तिथे भेटू. मस्टँग नको, शेजाऱ्याची सी५ आणतो.

मीरा_के:
आणि बाकीच्या ट्रॅकवर? पहिल्या चढावरच्या आंधळ्या वळणानंतर सलग डावं-उजवं सुरू होतं तिथे मी कुठे थांबू तुमची वाट बघत?

टेक्सासचा_तात्या:
कॅफेटेरियात. बरं, मिआटा पण आणा. बायकांचं लिहिलं ते मागे घेतो, काकूंना काही पाठवू नका.

कोल्हापुरी_शॉट:
इथं कुणाकडं आरएक्सचा ओरिजिनल सायलेन्सर हाय का विकायला? डुप्लिकेट नको.

डुगडुग_३५०:
माझ्याकडे आहे. भावाच्या गाडीचा. तुम्हाला देणार नाही.