घर ठरवताना नेटचा खरा स्पीड कसा ताडायचा? (भुसावळ / जळगाव / फैजपूरकडचा मळा) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आम्ही पुण्याचं भाड्याचं घर सोडून खान्देशात परत येतोय. नवरा रेल्वेत आहे, त्याची बदली भुसावळला झाली. माझं काम घरूनच चालतं: लग्नांच्या आणि कंपन्यांच्या व्हिडिओंचं एडिटिंग. पाणी, शाळा, दवाखाना सगळं बघून झालं. अडलंय ते नेटवर, आणि घरात कुणालाच हे अडण्यासारखं वाटत नाही. सासरे म्हणतात, "गावात पोराटोरांच्या मोबाईलवर दिवसभर रील चालतात, तुझंच काय अडतं?" रील बघायला माल खाली यावा लागतो. माझा माल वर जायचा असतो, तिथे खरी गोची आहे.

शूटिंगचं कच्चं फुटेज हार्डडिस्कवर कुरिअरने येतं, त्याची चिंता नाही. पण तयार झालेला लग्नाचा व्हिडिओ साधारण २५ जीबीचा होतो आणि तो त्याच दिवशी पाठवावा लागतो. अपलोड १० एमबीपीएस असेल तर साडेपाच तास, ५० असेल तर तासाभराहून थोडं जास्त. त्यात मध्येच लाईन तुटली की काही वेळा पहिल्यापासून सुरुवात. वर "ताई, वधूच्या मामाचा शॉट राहिला" असा फोन आला की पुन्हा २५ जीबी.

पर्याय तीन आहेत.

भुसावळला जामनेर रोडकडे दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. नवऱ्याला ड्युटीला जवळ. इमारतीत एकाच केबलवाल्याचं फायबर आहे, दुसरं कुणी यायला तयार नाही.

जळगावला पिंप्राळ्याकडे नव्या कॉलनीत रो हाऊस. खांबाखांबावर कंपन्यांच्या पाट्या आहेत, पण रस्ता अजून व्हायचाय, म्हणजे जेसीबी येणारच. एजंटला नेटचं विचारलं तर म्हणाला, "फुल स्पीड आहे." फुल म्हणजे किती, यावर तो हसला.

आणि फैजपूरजवळ सासरचं घर. भाडं नाही, अंगण आहे, केळीची सावली आहे, मुलाला आजी-आजोबा आहेत. मनाने मी तिकडेच आहे. पण घर गावठाणात नाही, मळ्यात आहे. भारतनेटचं (ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या सरकारी योजनेचं) फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलंय म्हणतात. पंचायतीपासून आमच्या ओट्यापर्यंत कोण आणणार, हे कुणी सांगत नाही.

कंपन्यांच्या साईटवर पिनकोड टाकून पाहिला, तिन्ही ठिकाणी "सेवा उपलब्ध" येतं. पिनकोडमध्ये दहा-पंधरा गावं असतात, त्यामुळे त्याला मी फार किंमत देत नाही. "ब्रॉडबँड आहे" या वाक्यालाही नाही, कारण सरकारी व्याख्येत २०२३ पासून २ एमबीपीएसच्या वर सगळंच ब्रॉडबँड (त्याआधी तर ५१२ केबीपीएस होतं).

तर विसार देण्याआधी, घरात कनेक्शन नसताना, तिथे काय मिळेल हे कसं ओळखायचं? मळ्यात एअरफायबर (वायरीशिवाय, मोबाईल टॉवरवरून येणारं घरचं नेट) बसवलेलं कुणी आहे का, आणि अपलोड किती मिळतो? कृपया डाऊनलोडचे स्क्रीनशॉट नकोत.

---

लायनीवरचा

ताई, मी रावेरकडे केबल-नेटच्या लायनीवर काम करतो.

रिकाम्या घरात काही मोजता येत नाही. शेजारच्या घरी जा, चहाला नाही म्हणू नका, आणि त्यांच्या नेटच्या डब्याच्या (राउटरच्या) सेटिंगमध्ये 'आरएक्स पॉवर', म्हणजे फायबरमधून डब्यापर्यंत पोहोचणाऱ्या सिग्नलची ताकद, बघू द्या म्हणा. आकडा उणे असतो. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर लाईन निरोगी. उणे २७ च्या आसपास गेला की आज चाललं तरी पावसात लाल लाईट लागणार. जोड जास्त, वळणं जास्त, कुठेतरी वायर दाबलेली, ही त्याची कारणं. स्पीड टेस्टपेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो.

टेस्ट करायचीच तर रात्री आठ ते दहात करा, आणि वायफायवर नको, लॅपटॉपला केबल लावून. आमच्याकडे एका फायबरवरून स्प्लिटर (एका लाईनच्या अनेक लाईनी करणारा जोड) लावून ३२, कुठे ६४ घरं चालतात. त्या सगळ्यांत मिळून खाली अडीच आणि वर सव्वा जीबीपीएस. त्याच्या मागे ऑपरेटरने स्वतः मोठ्या कंपनीकडून किती स्पीड घेतलाय ते वेगळंच. सकाळी अकराला सगळीकडे फुलच स्पीड असतो.

आता मळ्याचं. फायबर ओढून देणारा भेटेलही, खांबांचे पैसे तुम्ही दिले तर. पण आधी सासऱ्यांना विचारा, घराची लाईट कुठल्या फीडरवर (सबस्टेशनवरून येणाऱ्या विजेच्या लाईनवर) आहे? शेतीच्या फीडरवर असेल तर थ्री फेज आठ तास, तीही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. बाकी वेळ सिंगल फेजवर पंखा कसाबसा फिरतो. फायबर उत्तम आणि डबा बंद, असं होईल. गावठाण फीडरवर असेल तर पुढचं बोलू.

आणि मे-जूनचं वादळ तुम्हाला सांगायला नको. ज्या वाऱ्यात केळी आडव्या होतात त्यात आमच्या वायरीही जातात. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या फुगवून भरलेल्या येतात, खाली लोंबणारी वायर त्यांना अडकते. मळ्यातला फॉल्ट काढायला माणूस आधी गावातले पंचवीस फॉल्ट काढून मग येतो. वाईट वाटून घेऊ नका, मीच येतो तसा.

---

देवपूरकर

धुळ्याहून लिहितोय, मीही घरूनच काम करतो. पिंप्राळ्यात खांबाखांबावर कंपन्या आहेत म्हणून हुरळू नका. माझ्याकडे दोन कनेक्शनं होती, दोन वेगळी बिलं भरायचो. गल्लीच्या तोंडाशी एक खांब कलला आणि दोन्ही एकदम गेली, कारण दोघांच्या वायरी त्याच खांबावरून. आता एक फायबर आणि एक एअरफायबर ठेवलंय. एअरफायबर टॉवरवरून येतं, त्यामुळे जेसीबीशी त्याचं भांडण नाही. पण अपलोड फायबरच्या जवळपासही नाही. ५जीमध्ये बहुतेक वेळ खालच्या दिशेलाच दिलेला असतो, त्यामुळे ते कंपनी बदलून सुटणारं दुखणं नाही. मीटिंग निभते, तुमचे २५ जीबी नाही निभणार.

राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. आणि ऑपरेटरला त्याच्या नोडचं, म्हणजे तुमच्या भागाची लाईन जिथून निघते त्या यंत्राचं, विचारा, "तुमच्या नोडला बॅकअप किती तास?" तुमचा डबा चालू आणि त्याचा नोड बंद, तर उपयोग शून्य. या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याकडे कनेक्शन घेऊ नका. माझं मत भुसावळला. एकच केबलवाला असला तरी तो दोन गल्ल्या सोडून राहत असेल तर फॉल्ट संध्याकाळच्या आत निघतो.

---

पॅसेंजरवाला

मळ्यातच राहा. पेनड्राईव्ह महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला पाठवा, अपलोडच्या आधी पोहोचेल.

---

धागाकर्ती

पॅसेंजरवाले भाऊ, नवऱ्यानेही हेच सुचवलं, तेही गंभीरपणे!

लायनीवरचे दादा, सासऱ्यांना फीडरचं विचारलं. शेतीचाच निघाला. घरात इन्व्हर्टर आहे, पण तो आठ तासांच्या विजेत पुरता चार्ज होत नाही, असं त्यांनीच सांगितलं. मग सासूबाई म्हणाल्या की गावठाणात चुलत्यांचं जुनं घर बंद पडलंय, पुढची खोली कामाला वापर आणि राहा मळ्यात. हे मला कसं सुचलं नाही देव जाणे. गल्लीत एकाकडे फायबर आहे, रविवारी रात्री लॅपटॉप आणि केबल घेऊन त्यांच्याकडे जातेय. आकडा कितीही आला तरी इथे टाकते.

तोपर्यंत भुसावळच्या फ्लॅटचा विसार थांबवलाय. घरमालक पंधरवड्यापलीकडे थांबणार नाहीत. जामनेर रोडकडे कुणी राहत असेल तर रात्री नऊचा अपलोड आणि आरएक्स पॉवर दोन्ही कळवाल का? आणि दादा, दगडी भिंतींच्या त्या जुन्या घरात वायफाय पुढच्या खोलीतून ओसरीपर्यंत तरी येईल का, की तिथेही वायरच ओढावी?