एमएस : रात्री पाय आखडतात, झोप होत नाही. अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

ह्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे, निदान २०१६ सालचं. आम्ही फोंड्याजवळ राहतो, तपासणीला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जातो. दिवस तसा निभतो. काठी घेऊन घरात फिरतात, संध्याकाळी दुकानात गल्ल्यावरही बसतात.

रात्र मात्र कठीण जाते. पाठ टेकली की थोड्याच वेळात उजवा पाय गुडघ्यातून दुमडून पोटाकडे ओढला जातो, नाहीतर दोन्ही पाय फळीसारखे ताठ होतात. पोटरीत वांब येतो तो चोळला की जातो, हे तसं नाही. जोर लावून सरळ करायला गेलं की पाय जास्तच आखडतो. टाच तळहातात धरून अगदी सावकाश वाकवत राहिलं तर सुटतो. पण तोवर दोघांचीही झोप उडालेली असते, आणि पहाटेपर्यंत हे पुन्हा पुन्हा होतं. झोप न झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचा थकवा बघवत नाही.

स्नायूंचा ताठपणा कमी करणारी बॅक्लोफेन १० मिग्रॅ तीन वेळा चालू आहे. डॉक्टरांनी रात्रीचा डोस वाढवून पाहिला. रात्र बरी गेली, पण सकाळी न्हाणीघरात जाताना गुडघे लटपटायला लागले. फिजिओ म्हणाले, पायांत ताकद कमी असल्यामुळे ते थोडेफार त्या ताठपणाच्या आधारानेच उभे राहतात, तो सगळा काढून चालणार नाही. मग डोस पूर्ववत करून रात्री टिझानिडीन ही ताठपणावरचीच दुसरी गोळी जोडली. तिने तोंड कोरडं पडतं आणि उठताना रक्तदाब उतरून गरगरतं.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. मध्यंतरी लघवीला जंतुसंसर्ग झाला तेव्हा पाय फारच आखडत होते. दुसऱ्या एका दवाखान्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. फार्मसीवाल्याने टिझानिडीनची पट्टी पाहून थांबवलं, म्हणून वाचलो. ही दोन औषधं एकत्र घ्यायचीच नसतात, रक्तदाब धोकादायक उतरू शकतो. कुणाच्या घरी टिझानिडीन चालू असेल तर नवीन डॉक्टरांना आधी सांगा.

हवेचाही प्रश्न आहेच. उकाड्याने पाय गळून जातात, एसी जास्त झाला की ताठतात, आणि पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

तुमच्याकडे रात्रीच्या गोळीची वेळ कशी ठेवली आहे? झोपताना पाय कसे ठेवता? चवथीला मूळ घरी जायचं आहे, तिथे शौचालय अंगणापलीकडे. रात्री लघवीला उठण्याचं काय करता, तेही सांगा.

प्रतिसाद

ताई, मी स्वतः एमएसची रुग्ण आहे, पुण्यात असते. बॅक्लोफेनचा असर काही तासांतच ओसरतो. मी रात्रीची गोळी जेवणानंतर न घेता अंथरुणावर जाताना घेते, डॉक्टरांना विचारूनच. तुम्हीही विचारा. कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घेते, उताणं झोपलं की माझे पाय जास्त ताठतात. झोपण्याआधी पोटऱ्या सावकाश ताणायच्या, झटका द्यायचा नाही. बद्धकोष्ठ आणि भरलेलं मूत्राशय दोन्हींनी पाय आखडतात, म्हणून संध्याकाळनंतर पाणी बेताने आणि दिवसा भरपूर. यजमानांसाठी उशाशी युरिन पॉट ठेवा, अंगण ओलांडायची गरजच नाही. पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही असं ते म्हणतात का? तसं असेल तर तो अस्वस्थ पायांचा वेगळा त्रास असू शकतो, एमएसमध्ये तोही बराच दिसतो. त्यासाठी रक्तातलं फेरिटीन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं) तपासतात. आणि गावी जाताना बॅक्लोफेनच्या जास्तीच्या पट्ट्या न्या. ती एकदम बंद झाली तर भास होतात, फिट येऊ शकते.

धागाकर्ती

मनापासून आभार, ताई. पाय हलवत राहावंसं वाटतं असं ते खरंच म्हणतात, आम्ही ते यातच धरत होतो. पुढच्या ओपीडीत गोळीची वेळ आणि फेरिटीन दोन्ही विचारते. युरिन पॉटला ते नाही म्हणतील, पण तुम्ही स्वतः रुग्ण असून लिहिलंय, तुमचा प्रतिसादच त्यांना वाचायला देते. पाठीच्या कण्यात औषध सोडणारा बॅक्लोफेनचा पंप पोटाच्या त्वचेखाली बसवलेलं कुणी इथे असेल, तर त्यांनी जरूर लिहावं. चालणं टिकलं का, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे.