लिव्हर सिरोसिस आहे, भर वैशाखातही थंडी वाजते. आणखी कुणाला असं होतं का?

शिवणकाम_निफाड

नमस्कार. मी निफाड तालुक्यातली, वय ४९, घरीच ब्लाउज शिवते. गेल्या दिवाळीच्या आधी पायांवर सूज आली, पोट फुगलं आणि तपासण्यांत सिरोसिस, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक झालेलं, निघाला. दारूचा थेंबही कधी घेतलेला नाही. मधुमेह जुना आहे. फॅटी लिव्हर होतं, तेच वाढत इथवर आलं असं डॉक्टर म्हणाले. हे आधीच सांगते, कारण आजाराचं नाव ऐकलं की लोकांची नजर बदलते.

निफाडची थंडी आम्हाला नवी नाही. पारा पाच-सहावर उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. पण ही थंडी आतून येते. मे महिना चालू आहे, मुलगा पंखा लावून उघडा बसतो आणि मी त्याच खोलीत स्वेटर घालून, पाय गोधडीत घालून मशीनवर. बोटं इतकी गार पडतात की सुईत दोरा ओवायला सुनेला हाक मारावी लागते. ताप नसतो, थर्मामीटर नेहमीसारखंच दाखवतं.

हिमोग्लोबिन ८.६, प्लेटलेट ६४ हजार, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.७. दुर्बिणीतून अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांना बँड लावले आहेत. प्रोप्रानोलॉल, लघवीच्या गोळ्या, लॅक्ट्युलोज आणि इन्सुलिन चालू आहे. डाळी, अंडी बंद केली, कारण प्रथिनं लिव्हरला जड जातात असं नात्यातल्या एकांनी सांगितलं. संध्याकाळी सातला अर्धी भाकरी खाते, ती थेट सकाळच्या चहापर्यंत. संकष्टी लहानपणापासून करते.

एक गोष्ट मात्र खटकते. वजन तेवढंच आहे, पण माझ्याच ब्लाउजची दंडाची गोलाई साडेबारा इंचांवरून साडेदहावर आली. बाह्या आत घ्याव्या लागल्या आणि परकराचा घेर वाढवावा लागला. ओपीडीत थंडीचं सांगितलं तर “अशक्तपणा आहे, होतं असं” एवढंच ऐकायला मिळालं. मला कारण हवं आहे. इतकी थंडी उगाच वाजत नसणार.

करवीर_काका

ताई, तुमचं उत्तर तुमच्या टेपनंच दिलंय. मला हेपेटायटिस सीमुळे सिरोसिस झाला. विषाणू गोळ्यांनी गेला, पण लिव्हरवर झालेले व्रण राहिले. मलाही असंच व्हायचं, कोल्हापुरात भर दुपारी कानटोपी घालून बसायचो. वजन तेवढंच म्हणून घरचे निर्धास्त होते. खरं तर पोटात पाणी वाढत होतं आणि अंगावरचं मांस झडत होतं. काट्याला दोन्ही सारखंच.

शरीराची बरीचशी ऊब स्नायूंतून येते, शिवाय लिव्हर स्वतःही ऊब तयार करतं. इथं दोन्हीकडून मार बसतो. आहारतज्ज्ञ बाईंनी मला नीट समजावलं होतं. धडधाकट माणसाच्या लिव्हरमध्ये रात्रभर पुरेल इतकी साखर साठवलेली असते. आपल्या लिव्हरमध्ये तो साठा तोकडा पडतो, मग शरीर रात्रीच स्नायू मोडून इंधन करायला लागतं. आपल्याला एक रात्र उपाशी काढणं म्हणजे निरोगी माणसाला दोन-तीन दिवस उपाशी राहण्यासारखं. तुम्ही संध्याकाळी सातपासून सकाळपर्यंत रिकाम्या पोटी असता, वर संकष्टीला चंद्रोदयापर्यंत!

माझा नेम असा: झोपताना कपभर दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, नाहीतर मूठभर बिनमिठाचे फुटाणे. तुम्हाला इन्सुलिन आहे, म्हणून रात्रीचं खाणं सुरू करण्याआधी डोस डॉक्टरांना विचारून घ्या. आणि डाळी, अंडी बंद करायला सांगितलं ते जुनं झालं. आता किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात, तीही पाण्याचं वजन वगळून. मी रोज जाड वरण, दही आणि दोन अंडी खातो.

अनुराधा_मावशी

बाळ, वाचून जीव कळवळला. माझ्या सासूबाई अंग गार पडलं की दोन चमचे ब्रँडी कोमट पाण्यातून द्यायच्या. तुला चालत नसेल तर गुळवेल-सुंठीचा काढा आणि रात्री दुधातून अश्वगंधा घेऊन बघ. अंगात उष्णता येईल.

वॉर्डातली_सिस्टर

मावशी, तुमची माया पोचली, पण ताईंनी यातलं काहीही घेऊ नये. सिरोसिस कशामुळेही झालेला असो, ब्रँडीचा चमचाही नको. शिवाय दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, ऊब आल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर जाते. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे पिऊन लिव्हरला इजा झालेल्या मुंबईतल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. अश्वगंधेनं कावीळ झाल्याच्याही नोंदी आहेत. आधीच जखमी असलेल्या लिव्हरवर असले प्रयोग नकोत.

ताई, मी सांगलीत पोटविकारांच्या वॉर्डात काम करते. तुमच्या थंडीला एकच कारण असेल असं मला वाटत नाही. काकांनी स्नायूंचं सांगितलं ते बरोबरच आहे. पण हिमोग्लोबिन ८.६ हेसुद्धा मोठं कारण आहे. ते का उतरलं ते शोधायला हवं: शिरांतून थोडं थोडं रक्त जातंय का, पांथरी वाढून रक्तपेशी तिथं अडकतात का, लोह, बी १२, फोलेट कमी आहे का. थायरॉइड तपासलं नसेल तर टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या. प्रोप्रानोलॉलनं हातपाय गार पडतात, तुमच्या बोटांचं तेही कारण असू शकतं. मात्र ती गोळी आपल्या मनानं बंद करू नका, शिरा फुटू नयेत म्हणून ती दिलेली असते. हे डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलायची का ते तेच ठरवतील. रात्री एकाएकी थंडी आणि घाम आला तर आधी ग्लुकोमीटरवर साखर बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोजची थंडी वेगळी आणि दात वाजणारी हुडहुडी वेगळी. हुडहुडी भरली, पोट दुखायला लागलं, माणूस दिवसा झोपाळला, असंबद्ध बोलायला लागला, लघवी कमी झाली, काळी चिकट शी किंवा रक्ताची उलटी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला की सिरोसिसच्या रुग्णाला ताप येतोच असं नाही, कधी अंग उलट गार पडतं. म्हणून थर्मामीटरवर विसंबू नका. घरच्यांनाही हे सांगून ठेवा, कारण गोंधळलेल्या माणसाला स्वतःचं कळत नाही.

पायांची संवेदना कमी असेल तर गरम पाण्याची पिशवी पायांशी घेऊन झोपू नका. चटका बसलेला कळत नाही, आणि मधुमेहात ती जखम चिघळते.

शिवणकाम_निफाड

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुम्ही आपुलकीनं लिहिलंत, वाईट वाटून घेऊ नका.

सगळं वहीत लिहून नेलं आणि या वेळी डॉक्टरांसमोर वहीच ठेवली. बाह्यांचं सांगितल्यावर त्यांनी दंड स्वतः मोजला. थायरॉइड ठीक आहे. लोह बरंच कमी निघालं, गोळ्या सुरू केल्या आहेत. पुढच्या महिन्यात पुन्हा दुर्बीण आहे. प्रोप्रानोलॉल तूर्त तेवढीच ठेवली. रात्रीचं इन्सुलिन बसवून दिलं, आता झोपताना दूध-भाकरी खाते. संकष्टीला आरती करते आणि वेळेवर जेवते. सासूबाईंनीच सांगितलं, देवाला तुझा जीव हवाय, उपास नको.

थंडी गेली नाही, पण पहाटे जाग यायची ती आता येत नाही. मी स्वतःसाठी एक बंडी शिवली. मऊ सुती कापडाचे दोन थर आणि मध्ये जुन्या धुतलेल्या साडीचा थर. पुढून उघडी ठेवली, म्हणजे तपासताना काढावी लागत नाही. परकराचा नाडा पोटाला काचायचा, त्याऐवजी दोन इंची इलॅस्टिक घातलं. पाणी वाढलं तरी रुतत नाही आणि उबेला परकर छातीपर्यंत ओढता येतो. कुणाला माप हवं असेल तर सांगा.

सिस्टर, एक विचारायचं होतं. लोहाच्या गोळीनं शी काळी होते म्हणतात. मग रक्त जातंय हे ओळखायचं कसं?

वॉर्डातली_सिस्टर

चांगलं केलंत विचारलंत. लोहानं शी काळपट-हिरवी होते, पण साधारण घट्ट असते. रक्ताची शी डांबरासारखी काळी, चिकट असते, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहते आणि तिचा वास वेगळाच, उग्र येतो. सोबत चक्कर, धडधड, घाम असेल तर वाट बघूच नका. ओळखता येईना तरी दाखवून घ्या. लोहानं बद्धकोष्ठही होतं आणि ते तुम्हाला अजिबात परवडणारं नाही. पोट साफ राहिलं नाही तर शरीरातला अमोनिया वाढून डोक्यात गोंधळ होतो. लॅक्ट्युलोज त्यासाठीच आहे. रोज दोन-तीनदा मऊ शी होते ना ते बघा, होत नसेल तर डोस वाढवायचा का ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

बंडीचं माप मला पाठवा. वॉर्डात कुडकुडणाऱ्या बायका बऱ्याच असतात, त्यांच्या घरच्यांना देते.